बर्फाचं मशीन बनवणारा जेम्स हॅरिसन बर्फामुळेच कसा बुडाला?

एसी घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: एक टनाचा दाखवू की दीड टनाचा? बऱ्याच जणांना वाटतं, हे मशीनचं वजन असावं. तसं नाही. शून्य अंशावरच्या एक टन पाण्याचा २४ तासांत बर्फ करायचा, तर त्यातून जेवढी उष्णता काढावी लागेल तेवढी काढण्याची ताकद म्हणजे एक टन. इथला टन अमेरिकन, ९०७ किलोचा. म्हणजे तुमच्या बेडरूममधला दीड टनी एसी दिवसाला सुमारे १३६० किलो बर्फ करायला पुरेल एवढी उष्णता घराबाहेर फेकत असतो. गारवा हा एकेकाळी वजनावर विकायचा माल होता, त्याची ही उरलेली खूण.

मी या विषयात शिरलो ते मात्र एसीमुळे नाही, बोटीवरच्या बंद पडलेल्या फ्रीजमुळे. मी मूळचा डोंबिवलीचा. गेली चार वर्षं मी आणि बायको ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या जिलाँग शहरात, धक्क्याला बांधलेल्या ३४ फुटी शिडाच्या बोटीवर राहतो. बोट जुनी आहे, त्यामुळे प्लंबर, वायरमन, सुतार सगळं मीच. मागच्या उन्हाळ्यात फ्रीज गेला. दूध-भाजीचं कसंही भागलं असतं, पण बायकोला टाइप १ मधुमेह आहे आणि तिचं न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांतच ठेवावं लागतं. जास्त तापलं तर निकामी होतं आणि गोठलं तर तेही निकामी. त्यात आम्हाला बोट घेऊन टास्मानियाला जायचं होतं. आठवडा-दहा दिवस दुकान नाही, दवाखाना नाही, शेजारी नाही.

फ्रीजची पेटी उघडली तर आधीच्या कारागिराचे प्रताप दिसायला लागले. इन्सुलेशनचा फोम पाणी पिऊन जड झालेला. पेटीच्या तळाला पाणी जाण्यासाठी एक नळी, ती थेट बोटीच्या तळात, म्हणजे बिल्जमध्ये सोडलेली. मध्ये ना वळण, ना झडप. आणि कॉम्प्रेसरच्या जोडावर तेलाचा ओशट डाग. तेलाचा डाग दिसला की समजायचं, गॅस तिथूनच गेला. मी डोक्याला हात लावून बसलो होतो, तेव्हा धक्क्यावरच्या एका म्हाताऱ्या खलाशाने सांगितलं की, मी भाजी आणायला ज्या पुलावरून जातो त्या पुलाला ज्याचं नाव दिलंय, त्या माणसाबद्दल एकदा वाच. जेम्स हॅरिसन. चार वर्षं पाटी वाचत होतो, कधी डोक्यात आलं नव्हतं. मग वाचायला लागलो. फ्रीज दुरुस्तीला दोन महिने लागले त्यातला निम्मा दोष या माणसाचा आहे.

हॅरिसनचा जन्म १८१६ सालचा, स्कॉटलंडमधल्या बॉनहिल गावचा. वडील मासेमार. मुलगा ग्लासगोत छापखान्यात उमेदवारी करायला लागला आणि कामगारांसाठी चालणाऱ्या वर्गांना जाऊन रसायनशास्त्र शिकला. काही दिवस लंडनमध्ये खिळे जुळवले. १८३७ मध्ये एका कंपनीसाठी छपाईयंत्र उभारून द्यायचं काम घेऊन तो सिडनीला आला, दोन वर्षांनी मेलबर्नला जॉन फॉकनर यांच्या वर्तमानपत्रात लागला. फॉकनर यांनी नवं यंत्र घेतलं तेव्हा जुन्यावर जिलाँगमध्ये पेपर काढायचं ठरलं. नोव्हेंबर १८४० मध्ये ‘जिलाँग अॅडव्हर्टायझर’ सुरू झाला, संपादक हॅरिसन. दोनेक वर्षांत तो मालकही झाला. हा पेपर आजही निघतो.

पुढे तो नगरपालिकेत गेला, व्हिक्टोरियाच्या विधिमंडळात गेला, बाहेरून येणाऱ्या मालावर जकात बसवा म्हणून अग्रलेख लिहीत राहिला. राजकारणाचा भाग मी इथे सोडून देतो. आपल्याला हवा आहे तो छापखान्यातला हॅरिसन.

त्याच्याबद्दलची नेहमी सांगितली जाणारी गोष्ट अशी. छपाई झाली की शिशाच्या खिळ्यांवरची शाई पुसायला तो ईथर वापरायचा. ईथर भराभर उडून जायचं आणि मागे खिळे गार पडायचे. सॅनिटायझर हातावर घेतल्यावर तुम्हालाही हेच जाणवलं असेल. द्रवाची वाफ होताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. आपल्या माठाचं तत्त्वही हेच. हजारो खिळे जुळवणाऱ्यांनी हा गारवा अनुभवला असणार. हॅरिसनला रसायनशास्त्र येत होतं, त्यामुळे त्याच्या डोक्यात पुढचा प्रश्न आला: उडून गेलेलं ईथर परत पकडता आलं तर?

ईथर एका बंद नळीत ठेवायचं. पंपाने त्या नळीतला दाब कमी करायचा, की ते भराभर उकळतं आणि नळी गार पडते. ती वाफ पंपाने ओढून दुसऱ्या बाजूला दाबायची. दाबलेली वाफ तापते. तिला पाण्याने थंड केलं की पुन्हा द्रव ईथर मिळतं. ते परत पहिल्या नळीत सोडायचं, आणि फेरा चालू ठेवायचा. तुमच्या स्वयंपाकघरातला फ्रीज अगदी हेच करतो. ईथरच्या जागी दुसरा गॅस आला आणि पंपाला आपण कॉम्प्रेसर म्हणायला लागलो, एवढाच बदल.

ही कल्पना पहिल्यांदा हॅरिसनला सुचली असं मात्र नाही. जेकब पर्किन्स यांनी लंडनमध्ये १८३४ मध्येच अशा यंत्राचं पेटंट घेतलं होतं. अमेरिकेत जॉन गॉरी यांनी हवा दाबून बर्फ करणाऱ्या यंत्राचं पेटंट १८५१ मध्ये घेतलं. पण त्यातून रोज गिऱ्हाइकाला पुरवता येईल असा धंदा उभा राहिला नव्हता. तो हॅरिसनने केला.

आता त्याच्या अडचणीकडे बघा, कारण माझ्या फ्रीजचा प्रश्न समजायला मला तिचाच उपयोग झाला. माझ्या फ्रीजमध्ये आर-१३४ए नावाचा गॅस आहे. तो साध्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांवर उकळतो. त्यामुळे फ्रीजच्या गार बाजूलाही नळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा जास्तच असतो. भोक पडलं तर गॅस बाहेर येतो, डाग दिसतो, माणूस शिव्या देतो आणि दुरुस्त करतो. ईथर मात्र ३४.६ अंशांवर उकळतं. त्याला उणे १० अंशांवर उकळायला लावायचं तर नळीतला दाब हवेच्या दाबाच्या साधारण सातव्या हिश्श्यावर आणावा लागतो. म्हणजे जवळजवळ निर्वात. अशा नळीला बारीकसं भोक पडलं तर बाहेर काही येत नाही, हवा आत शिरते. बाहेरून काही दिसत नाही, गारवा मात्र कमी व्हायला लागतो. वर ईथर आणि हवा यांचं मिश्रण म्हणजे एका ठिणगीची वाट बघणारा बॉम्ब. हे सगळं त्याला १८५० च्या दशकातल्या लोहारकामावर सांभाळायचं होतं. माझ्याकडे गळती शोधायचं इलेक्ट्रॉनिक यंत्र आहे, आणि तरीही एका जोडापायी मी तीन रविवार घालवले.

१८५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने हे यंत्र जिलाँगच्या बारवॉन नदीकाठी, रॉकी पॉइंट नावाच्या जागी चालवायला सुरुवात केली. नदीकाठ का? माझा तर्क असा की गरम वाफ थंड करायला सतत वाहतं पाणी लागतं आणि तिथे ते फुकट होतं. बोटीवाले आम्हीही हेच करतो, कंडेन्सर समुद्राच्या पाण्याने थंड करतो. त्याच्या व्यापारी यंत्राला वाफेचं इंजिन होतं आणि सुमारे ५ मीटर व्यासाचं चाक होतं. दिवसाला ३००० किलो बर्फ निघायचा. आता सुरुवातीचा हिशोब लावा: ३००० भागिले ९०७, म्हणजे सव्वातीन टनांच्या आसपास. दुमजली घराएवढं फिरतं चाक, आणि ताकद दोन दीड टनी एसींपेक्षा किंचित जास्त. मला या आकड्यावर हसू आलं, मग जरा वेळाने आलं नाही. कारण त्याच्याआधी त्या अख्ख्या खंडात उन्हाळ्यात बर्फ हवा असेल तर तो जहाजातून यायचा, तोही अमेरिकेतून.

तिथली तळी हिवाळ्यात गोठली की बर्फ करवतीने कापायचा, लाकडाच्या भुशात बांधायचा आणि अर्धी पृथ्वी फिरवून विकायचा, हा बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर यांचा धंदा. तोच बर्फ १८३३ मध्ये कलकत्त्याला उतरला आणि नंतर मुंबईलाही. मुंबईच्या बड्या घरांतल्या मेजवान्यांना मिळालेलं पहिलं आइस्क्रीम त्याच बर्फावर झालं. हॅरिसनची स्पर्धा या लोकांशी होती.

त्याने १८५५ मध्ये व्हिक्टोरियात पेटंट घेतलं, १८५६ मध्ये लंडनला जाऊन तिथलंही घेतलं. तिथे सिबे यांच्या कारखान्याने त्याच्या नमुन्यावर यंत्रं बांधली. दारूभट्ट्यांना ही यंत्रं हवी होती, कारण बिअर आंबवताना तापमान हाताबाहेर गेलं की अख्खा हौद फेकावा लागतो. ऑस्ट्रेलियातही बेंडिगोच्या एका भट्टीने त्याच्याकडून यंत्र घेतलं. मेलबर्न आणि सिडनीतही त्याचे बर्फाचे कारखाने निघाले. वरवर सगळं छान चाललं होतं. पण यंत्र बनवायला खर्च प्रचंड, बर्फाचं गिऱ्हाईक मर्यादित आणि बाजारात अमेरिकन बर्फ हजर. १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला हॅरिसनचं दिवाळं निघालं. वीस वर्षं वाढवलेला पेपरही हातचा गेला. परदेशी मालावर जकात मागणाऱ्या माणसाच्या बर्फाला परदेशी बर्फाशी झुंजावं लागलं. स्वतःच्या अग्रलेखांना इतका चोख पुरावा फार कमी संपादकांना मिळाला असेल.

तो पुन्हा पत्रकारितेत गेला आणि मेलबर्नच्या ‘द एज’चा संपादक झाला. पन्नाशी ओलांडलेली. इथे तो थांबला असता तर कोणी नावं ठेवली नसती. पण त्याच्या डोक्यातून गारवा गेला नव्हता.

तेव्हाची परिस्थिती अशी होती. ऑस्ट्रेलियात मेंढ्या अमाप. लोकर विकली जायची, पण एवढं मांस खायला माणसं नव्हती. मेंढ्या उकळून नुसती चरबी काढायचे. तिकडे इंग्लंडमध्ये कारखान्यांतल्या कामगारांना मांस परवडत नव्हतं. मध्ये १२ हजार मैलांचा समुद्र आणि विषुववृत्ताचा उन्हाळा. मांस गोठवून नेता आलं तर दोन्हीकडचा प्रश्न सुटणार होता. गोठवलेलं मांस महिनोन्महिने चांगलं राहतं हे हॅरिसनने मेलबर्नच्या प्रदर्शनात दाखवून दिलं आणि १८७३ मध्ये त्याबद्दल सुवर्णपदक मिळवलं. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये ‘नॉरफोक’ हे शिडाचं जहाज मेलबर्नहून लंडनला निघालं. आत सुमारे २० टन गोठवलेलं गोमांस आणि मटण.

आणि इथे त्याने जे केलं ते मला पहिल्यांदा वाचून खरंच वाटेना. ज्याने बर्फाचं यंत्र धंद्यात आणलं, त्याने जहाजावर यंत्र बसवलंच नाही. मांस किनाऱ्यावर गोठवलं, टाक्यांत भरलं आणि गारवा टिकवायला बर्फ आणि मीठ दिलं. बर्फात मीठ घातलं की मिश्रणाचं तापमान शून्याच्या खाली जातं, अगदी उणे २१ पर्यंत. कुल्फीवाल्याच्या मडक्यात हेच असतं. म्हणजे तत्त्व बरोबर होतं. हिशोब मात्र अवघड होता.

हा हिशोब मी माझ्या पेटीवर करून पाहिला, तुम्हीही थर्मोकोलच्या डब्यावर करू शकता. पेटीत बर्फ भरला आणि २४ तासांत वितळलेलं पाणी मोजलं: साडेसहा लिटर. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता गिळतो. म्हणजे माझ्या पेटीत अखंड २५ वॅटच्या आसपास उष्णता झिरपत होती. एखाद्या छोट्या बल्बाएवढी. दहा दिवसांच्या प्रवासाला ६५ किलो बर्फ लागणार, आणि ६५ किलो बर्फाला जागा लागते ७१ लिटर. माझी पेटी ८० लिटरची. म्हणजे इन्सुलिनची बर्फाबरोबर चेंगराचेंगरी, आणि अकराव्या दिवशी वारा पडला तर संपलंच. यंत्राला मात्र आज किती गारवा गेला याने फरक पडत नाही, ते उद्या परत तयार करतं. बर्फ म्हणजे शिधा, यंत्र म्हणजे विहीर. नॉरफोकला जवळजवळ तीन महिने लागणार होते आणि शिधा मोजून भरलेला होता.

त्यात टाक्या गळाल्या. बर्फ हिशोबापेक्षा लवकर संपत गेला. जहाज लंडनला पोचलं तेव्हा मांस नासलेलं होतं.

गळतीचा हा भाग बोटीवर राहणाऱ्यालाच नीट कळेल. समुद्रात जहाज एकसारखं पिळवटत असतं. धक्क्यावर महिनाभर कोरडा राहिलेला जोड लाटांत दोन दिवसांत पाझरायला लागतो. शिवाय वितळलेलं थंड पाणी वाहून जातं तेव्हा त्याच्याबरोबर गारवाही जातो. माझ्या पेटीची ती बिल्जमध्ये सोडलेली नळी आठवा. थंड हवा जड असते, ती तळाच्या नळीतून अखंड खाली सांडत होती आणि वरच्या झाकणाच्या फटीतून गरम हवा आत येत होती. नळीला मोरीसारखं यू आकाराचं वळण दिलं, त्यात पाणी अडलं, हवेची वाट बंद झाली आणि दुसऱ्या दिवशी वितळलेलं पाणी साडेसहावरून पाच लिटरवर आलं. एका नळीच्या वळणाचा हा फरक.

हॅरिसनने यंत्र का नेलं नाही? मी त्याच्या बाजूने बराच वाद घातला, बायकोशी आणि स्वतःशीही. शिडाचं जहाज, इंजिन नाही, मग यंत्र कशावर चालवणार? ईथर पेट घेणारं, तळघरात गळलं तर माणसांसकट जहाज गेलं असतं. आणि एकदा दिवाळं निघालेल्या माणसाला कमी खर्चाचा मार्ग बरा वाटणं साहजिक आहे. मला वाटतं, या तिन्ही गोष्टी त्याच्या मनात असणार. पण मग पुढचा इतिहास वाचला. १८८० च्या फेब्रुवारीत ‘स्ट्रॅथलेव्हन’ हे आगबोटीने ओढलेलं नाही, स्वतःच्या वाफेवर चालणारं जहाज ऑस्ट्रेलियातून सुमारे ४० टन गोठवलेलं मांस घेऊन लंडनला पोचलं आणि मांस उत्तम निघालं. त्यावर बेल-कोलमन पद्धतीचं यंत्र होतं. ते नुसती हवा दाबून गार करायचं, त्यामुळे गळती झाली तरी पेट घेण्याची भीती नाही. ठीक आहे, वाफेचं जहाज होतं. पण १८८२ मध्ये न्यूझीलंडहून निघालेलं ‘ड्युनेडिन’ तर शिडाचंच होतं. त्यांनी शिडाच्या जहाजावर फक्त गारव्यासाठी बॉयलर आणि कोळसा चढवला. वाटेत उष्ण पट्ट्यात गार हवा सगळीकडे पोचेना, तेव्हा कप्तान व्हिटसन स्वतः हवेच्या मार्गात सरपटत शिरला आणि जास्तीची भोकं पाडून आला. आत थंडीने तो इतका गारठला की खलाशांनी पायाला दोर बांधून बाहेर ओढला. सुमारे ५ हजार मेंढ्यांचं मांस लंडनला सुखरूप उतरलं. म्हणजे शिडाच्या जहाजावर यंत्र नेता येत होतं. माझा वाद तिथे संपला.

तरी त्याला मूर्ख म्हणायला मन होत नाही. १८७३ मध्ये समुद्रावर चालेल असं सुरक्षित यंत्र विकत मिळत नव्हतं. त्याने जे जवळ होतं त्यावर काम भागवलं. बोटीवर आम्ही रोज हेच करतो, फक्त आमच्या चुकीला २० टनांची किंमत नसते.

नॉरफोकनंतर त्याच्या हाती पैसा राहिला नाही. तो बरीच वर्षं इंग्लंडमध्ये राहिला, लेखनावर पोट भरलं. १८९२ मध्ये जिलाँगला परतला आणि ३ सप्टेंबर १८९३ रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी, शहराजवळच्या पॉइंट हेन्री इथे वारला. तोवर गोठवलेल्या मांसाची जहाजं नेमाने इंग्लंडला जात होती. पॉइंट हेन्रीवरून जिलाँगच्या बंदरात येणारी-जाणारी जहाजं दिसतात. शेवटच्या वर्षात त्याने ती पाहिलीच असतील. आज ऑस्ट्रेलियातल्या फ्रीज-एसी क्षेत्रातल्या संस्थेचं सर्वांत मोठं पदक त्याच्या नावाने देतात.

आमचा फ्रीज अखेर झाला. जुना फोम खरवडून काढला, चारी बाजूंनी १०० मिलिमीटर नवा बसवला. कॉम्प्रेसर १२ व्होल्टवर चालणारा घेतला. गॅस भरायला परवानाधारक माणूस बोलावला, इथे तो कायदा आहे आणि रास्त आहे. पेटीतच तळाशी एक लहान बंद कप्पा केला. त्यात साध्या पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्या असतात, मीठ नाही, कारण मिठाने तापमान शून्याखाली गेलं तर इन्सुलिन गोठेल. मध्ये फळीचा आडोसा आहे. कॉम्प्रेसर बंद पडलाच तर या बाटल्या दोन दिवस काढून देतील, मी मुद्दाम बंद करून मोजलंय: एकोणपन्नास तासांनी ८ अंश झाले.

काल संध्याकाळी बायकोने थर्मामीटर वाचला, ४ अंश. वारा पश्चिमेचा आहे. शनिवारपर्यंत तो दक्षिणेला वळला नाही तर निघतो.